एडीएचडीचं निदान: ऑनलाइन की समोरासमोर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलपणा आणि उतावळेपणा यांचा लहानपणापासून असणारा विकार, असल्याचं वयाच्या ३८व्या वर्षी नीट कळलं. त्याच्या वर्षभर आधी ते मला एकदा घाईघाईत सांगितलं गेलं होतं. तेव्हापासून ओळखीतली, आणि ओळखीच्यांच्या ओळखीतली माणसं मला जे प्रश्न विचारत आली आहेत, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. पण हे निदान कसं होतं आणि कुठे फसतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे आणि त्याबद्दल हाती लागेल ते वाचत आले आहे.

ऑनलाइन झालेलं निदान खरं धरायचं का?

ते कसं झालं, त्यावर आहे. पोट दुखत असेल तर डॉक्टर पोट दाबून बघतात. एडीएचडीत दाबून बघण्यासारखं काही नसतं. तुमचं लहानपण, शाळा, काम, घर, झोप, स्वभाव याबद्दल सविस्तर बोलायचं, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एखाद्या माणसाशी बोलायचं, आणि हा त्रास दुसऱ्याच कशामुळे तर होत नाही ना हे तपासायचं, असं हे निदान असतं. म्हणजे मुळात ती खोलवर केलेली विचारपूस आहे. ती व्हिडिओ कॉलवर नीट होऊ शकते आणि डॉक्टरांच्या खोलीत बसूनही दहा मिनिटांत गुंडाळली जाऊ शकते. म्हणून हा प्रश्न कुणी विचारला की मी उलट विचारते: किती वेळ बोलणं झालं? लहानपणाबद्दल काय विचारलं? घरातल्या दुसऱ्या कुणाशी बोलले का? या तिन्हींची उत्तरं धड नसतील, तर निदान कुठे झालं याला फारसा अर्थ उरत नाही.

रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये हे दिसत नाही का?

नाही. संशोधनात पुष्कळ मेंदूंची सरासरी काढली की बारीक फरक दिसतात, पण एका माणसाचा स्कॅन पाहून त्याला एडीएचडी आहे की नाही हे सांगता येत नाही. स्कॅनवरून निदान करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथे पैसे घालवू नका. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते थायरॉइड, रक्तक्षय अशा गोष्टी बाजूला काढण्यासाठी.

मोबाइलवर एक चाचणी दिली. 'शक्यता जास्त' असं आलं. म्हणजे मला आहे ना?

तुम्ही डॉक्टरांकडे जावं, एवढंच त्याने ठरलं.

प्रौढांसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे एएसआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने ती तयार झाली आणि २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १८ प्रश्न आहेत, त्यातले पहिले ६ चाळणीचे. कामाचा शेवटचा कंटाळवाणा भाग पूर्ण करायला जड जातं का, भेटी आणि कबूल केलेल्या गोष्टी विसरता का, खूप वेळ बसावं लागलं की हातपाय चुळबुळतात का, असे ते प्रश्न. चाळणी म्हणून ती चांगली आहे. पण चाळणीचं काम म्हणजे शंकेला जागा असलेले सगळे बाजूला काढणं. त्यातला खरा कोण हे पुढे ठरवायचं असतं.

एक गणित करून बघा. प्रौढांमध्ये एडीएचडीचं प्रमाण साधारण २.५ ते ३ टक्के धरतात. समजा १००० माणसांनी एखादी चाचणी दिली आणि त्यातल्या २५ जणांना खरोखर एडीएचडी आहे. चाचणीने त्यातले २२ पकडले, हे उत्तमच झालं. उरलेल्या ९७५ जणांपैकी फक्त दर दहात एकाला तिने चुकून 'हो' म्हटलं, तरी ते ९७ होतात. म्हणजे 'हो' आलेले ११९, आणि त्यातले खरे २२. प्रत्यक्षात अशी चाचणी शोधून काढून देणारी माणसं आधीच काही ना काही त्रासात असतात, त्यामुळे प्रमाण याहून बरं असतं. तरीही झोप न झालेला, सतत काळजीत असलेला किंवा नैराश्यात असलेला माणूस या सहाही प्रश्नांना मनापासून 'हो' म्हणू शकतो. त्याचा त्रास खरा असतो, फक्त त्याचं नाव वेगळं असतं.

मग डॉक्टर नेमकं काय शोधतात?

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची डीएसएम-५ ही नियमावली २०१३ साली आली आणि जगभर बहुतेक ठिकाणी तिचा आधार घेतात. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही सूची २०२२ पासून लागू आहे, तिचाही सूर बराचसा तोच आहे. डीएसएममध्ये लक्षणांचे दोन गट आहेत: एक लक्ष न टिकण्याचा, दुसरा चंचलपणा आणि उतावळेपणाचा. प्रत्येकात ९ लक्षणं. लहान मुलांमध्ये एका गटातली किमान ६ दिसावी लागतात, १७ वर्षांपासून पुढे ५ पुरतात. ती कमीत कमी सहा महिने टिकलेली असावी लागतात.

पण लक्षणं मोजणं हा सोपा भाग. खरी परीक्षा पुढच्या अटींमध्ये आहे. काही लक्षणं वयाच्या १२व्या वर्षाआधीपासून असावी लागतात. आधीच्या नियमावलीत हीच मर्यादा ७ वर्षांची होती, ती वाढवली. लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. फक्त ऑफिसात लक्ष लागत नसेल आणि बाकी सगळीकडे सुरळीत असेल, तर कदाचित ऑफिसचंच काहीतरी बिघडलं आहे. लक्षणांमुळे आयुष्यात खरोखर अडथळा यायला हवा: शिक्षण अर्धवट राहणं, नोकऱ्या सुटणं, उधारी थकणं, नात्यात रोजची भांडणं, गाडी चालवताना होणारे अपघात. आणि शेवटी, हे सगळं दुसऱ्या कुठल्या आजाराने जास्त चांगलं समजावता येऊ नये.

ही शेवटची अट वाचायला एका ओळीची आहे, पण डॉक्टरांचा निम्मा वेळ तिच्यावर जातो. अतिचिंता, नैराश्य, बायपोलर आजार, मनावरचा जुना आघात, दारू किंवा इतर व्यसन, थायरॉइड, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, लहान मुलांत काही क्षण हरवल्यासारखं करणारी फिट, कमी ऐकू येणं. यातलं प्रत्येक एडीएचडीसारखं दिसू शकतं. आणि गुंता असा की यातलं बरंचसं एडीएचडीच्या जोडीनेही असू शकतं.

तुमचं पहिलं निदान कुठे चुकलं?

एका ऑनलाइन सेवेवर मी फॉर्म भरला. मग व्हिडिओ कॉल झाला, १८ मिनिटांचा. फॉर्ममधलेच प्रश्न मला थोडे फिरवून विचारले गेले. शेवटी 'हो, तुम्हाला आहे' असं सांगितलं आणि कागद आला. मी रडले. आनंदाने रडले, कारण आयुष्यभर ज्याला धांदरटपणा, आळस आणि आरंभशूरपणा म्हटलं गेलं त्याला एक नाव मिळालं होतं. हे सुख मी कुणाला नाकारणार नाही.

पण माझी झोप कशी आहे हे त्या १८ मिनिटांत कुणी विचारलं नाही. वजन वाढलंय का, केस गळतात का, सतत थंडी वाजते का, हे विचारलं नाही. चौथीत मी कशी होते हेही नाही. पुढचं वर्षभर मी त्या कागदावर विसंबून राहिले आणि माझी हालत सुधारली नाही.

नंतर ज्या डॉक्टरांकडे गेले त्याही व्हिडिओवरच भेटल्या. हे मुद्दाम सांगते. फरक असा की त्यांनी तीन बैठका घेतल्या, पहिलीच सव्वा तासाची. दुसरीत माझ्या मोठ्या भावाला कॉलवर घेतलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. पहिल्या बैठकीनंतर लगेच रक्त तपासायला लावलं. थायरॉइड बरंच मंदावलेलं निघालं. गोळी सुरू झाली, चार महिन्यांत डोक्यावरचं धुकं निम्मं उतरलं. मग जे उरलं ते त्यांनी पुन्हा नीट तपासलं, आणि ते खरोखर लहानपणापासूनचं एडीएचडी होतं. म्हणजे पहिल्या कागदावरचं नाव बरोबरच होतं. पण ते नशिबाने बरोबर होतं, आणि दुसरा आजार मात्र वर्षभर झाकलेला राहिला.

व्हिडिओ कॉलवर काय सुटू शकतं?

डॉक्टरांना खांद्यापासून वरचा माणूस दिसतो. टेबलाखाली सतत हलणारा पाय, हातातल्या पेनाशी चाललेला चाळा दिसत नाही. जमलं तर थोडं मागे सरकून बसा, म्हणजे हात तरी दिसतील. नजर चुकवणं हेही कॉलवर वाचता येत नाही, कारण स्क्रीनवर सगळ्यांचीच नजर भलतीकडे असते.

शरीराची तपासणी होत नाही. रक्तदाब, नाडी आणि वजन घरी मोजून सांगता येतं, पण छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयाचा आवाज ऐकता येत नाही, गळ्यावरची थायरॉइडची गाठ हाताला लागत नाही. औषध सुरू करायचं असेल तर हे महत्त्वाचं ठरतं.

मोकळेपणाचाही प्रश्न असतो. पलीकडच्या खोलीत नवरा, सासू किंवा आईवडील बसले असतील तर माणूस व्यसनाबद्दल, खर्चाबद्दल, मनात येणाऱ्या टोकाच्या विचारांबद्दल खरं बोलत नाही. घरात एकांत मिळणार नसेल, तर केवळ तेवढ्यासाठी प्रत्यक्ष भेटीचा पर्याय घ्यावा असं मी म्हणेन.

आणि प्रत्यक्ष भेटीत काही सुटतं का?

सुटतं. त्याबद्दल कमी बोललं जातं. अनोळखी जागा, शिस्तीची खोली, समोर एकच माणूस आणि विषय आपणच. अशा नव्या, एकाग्र वातावरणात एडीएचडी असलेला माणूस बऱ्याचदा छान लक्ष देऊन बसतो. 'माझ्यासमोर तर तुम्ही व्यवस्थित बसलात' हे वाक्य म्हणून निदानात फारसं वजनदार नाही.

दुसरं म्हणजे, ज्याला वेळा सांभाळणंच जमत नाही त्याला दूरवरची अपॉइंटमेंट, रजा, प्रवास आणि फाइल एवढं जुळवायला सांगायचं. कित्येक जण तिथेच गळतात. घरातून कॉल केला की डॉक्टरांना घर दिसतं, कपाटातून जुनं प्रगतिपुस्तक काढून दाखवता येतं, आणि दुसऱ्या गावची आई किंवा बहीण त्याच कॉलवर येऊ शकते. माझ्या भावाला प्रत्यक्ष यायला सांगितलं असतं, तर तो आला नसता.

लहान मुलाचं निदान ऑनलाइन करून घ्यावं का?

संपूर्णपणे ऑनलाइन नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठा माणूस स्वतःबद्दल सांगू शकतो. सात वर्षांचं मूल 'माझं लक्ष विचलित होतं' असं सांगत नाही. ते खुर्चीवरून उतरतं, दाराकडे जातं, खेळणी ओढतं, किंवा खिडकीबाहेर बघत बसतं. हे खोलीतच दिसतं. शिवाय मूल कसं खेळतं, बोलणं वयाच्या मानाने कसं आहे, नजर देतं का, ऐकू नीट येतं का, अक्षरं ओळखताना अडखळतं का, हे जवळून बघावं लागतं. ऑटिझम, वाचनदोष आणि कमी ऐकू येणं यांच्यापासून एडीएचडी वेगळं काढायचं तर याला पर्याय नाही. स्क्रीनचं तर उलटच होतं. ज्या मुलाला गृहपाठाला पाच मिनिटं बसवत नाही, ते मोबाइलसमोर अर्धा तास खिळून बसतं, आणि मग कॉलवर बघणाऱ्याला वाटतं की काहीच अडचण नाही.

पण मुलांच्या निदानाचा एक मोठा भाग ऑनलाइन उत्तम होतो: आईवडिलांशी बोलणं, आणि शाळेकडून माहिती घेणं. एकाहून जास्त ठिकाणी लक्षणं दिसायला हवीत, म्हणून वर्गशिक्षकांचं म्हणणं लागतंच. त्यासाठी व्हँडरबिल्ट किंवा कॉनर्स अशा ठरीव प्रश्नावल्या असतात, एक पालकांनी भरायची, एक शिक्षकांनी. शाळेशी संपर्क न करता मुलाला एडीएचडी असल्याचं कुणी सांगितलं तर थांबा आणि दुसरं मत घ्या.

आणि वय फार लहान असेल तर घाई नको. तीन वर्षांचं मूल चंचल असतंच.

मुलींचं आणि बायकांचं निदान उशिरा का होतं? ऑनलाइनमुळे त्यात फरक पडतो का?

वर्गात उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. मागच्या बाकावर गप्प बसून मनातल्या मनात भलतीकडे गेलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' हा शेरा वर्षानुवर्षं येत राहतो. लहानपणी निदान होणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा कितीतरी जास्त असतात. प्रौढ वयात हा फरक खूपच कमी होतो. मधल्या काळात मुलींनी काय केलं? याद्या केल्या, पहाटे उठल्या, सगळं तीनतीनदा तपासलं, आणि दमल्या.

ऑनलाइन सोय आल्यावर अशा बायकांना पहिल्यांदा दार उघडलं, हे खरं आहे. पण व्हिडिओवर नीटनेटक्या बसलेल्या, नेमकं बोलणाऱ्या बाईला बघून 'तुम्हाला कसं असेल?' असंही पटकन म्हटलं जातं. म्हणून फक्त काय जमत नाही एवढंच सांगू नका. जे जमतं ते जमवायला किती आटापिटा करावा लागतो, हे सांगा. पाळीच्या दिवसांत किंवा पाळी जाण्याच्या वयात त्रास वाढत असेल तर तेही सांगा. कुणी विचारेल म्हणून थांबू नका.

निदान कोण करू शकतं?

प्रौढांचं मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, मुलांचं त्यांच्याबरोबरच बालविकासतज्ज्ञ किंवा अनुभवी बालरोगतज्ज्ञ. बहुतेक ठिकाणी औषध मात्र डॉक्टरच लिहून देऊ शकतात. समुपदेशक, प्रशिक्षक, स्वतः एडीएचडी असलेले अनुभवी लोक (माझ्यासारखे) सोबत देऊ शकतात, निदान देऊ शकत नाहीत.

ऑनलाइन निदान झालं तर औषधही ऑनलाइन मिळेल का?

इथे बरेच जण अडतात, म्हणून आधीच विचारून घ्या.

एडीएचडीसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ साली पहिल्यांदा तयार झालं. ते आणि अँफेटामिन गटातली औषधं उत्तेजक आहेत आणि त्यांचा गैरवापर होऊ शकतो. त्यामुळे १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मनोप्रभावी पदार्थांविषयीच्या करारात ती दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि देशोदेशी त्यांच्यावर कडक बंधनं आहेत. काही ठिकाणी व्हिडिओवरून ही औषधं लिहून देताच येत नाहीत, काही ठिकाणी आधी एक प्रत्यक्ष भेट लागते. अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी उत्तेजक नसलेली औषधंही आहेत, त्यांच्यावर बंधनं कमी असतात, पण ती लागू पडायला काही आठवडे जावे लागतात.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. गरज पडल्यास औषध तुम्हीच लिहून देणार का? आणि रक्तदाब, नाडी, वजन कोण, कधी आणि किती वेळा बघणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर तिथे औषध सुरू करू नका. ही औषधं नाडी आणि रक्तदाब थोडे वाढवतात, भूक कमी करतात. घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयाने मृत्यू झाला असेल, तुम्हाला चक्कर येत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर हे सांगितल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका. मला सगळं व्हिडिओवर सांगणाऱ्या डॉक्टरांनीसुद्धा औषधाआधी जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासून यायला लावलं होतं.

मैत्रिणीची गोळी एकदा घेतली आणि दिवसभर कमालीचं लक्ष लागलं. मग तर नक्कीच ना?

नाही, आणि कृपा करून पुन्हा घेऊ नका. उत्तेजक औषधाने एडीएचडी नसलेल्या माणसाचंही लक्ष वाढलेलं दिसतं. १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुठलाही त्रास नसलेल्या मुलग्यांना अँफेटामिनचा एक डोस देऊन पाहिला. तीही मुलं शांत झाली आणि त्यांचं लक्ष सुधारलं. तेव्हा औषध लागू पडलं म्हणून आजार आहे, हा तर्क इथे चालत नाही.

कंप्युटरवरची लक्ष तपासणारी चाचणी पुरेशी आहे का?

एकटी नाही. स्क्रीनवर आकार किंवा अक्षरं येत राहतात, ठरलेलं आलं की बटण दाबायचं, असं पंधरावीस मिनिटं. किती चुकलं, किती उशीर झाला, वेग किती कमीजास्त होत गेला हे ती मोजते. विचारपुशीला जोड म्हणून उपयोगी. पण एडीएचडी असलेले कित्येक जण त्यात नीट पास होतात आणि झोप न झालेले नापास होतात.

वाईट ऑनलाइन सेवा कशी ओळखायची?

निकालाची हमी दिसली की लांब राहा. 'आजच निदान, आजच औषध' म्हणजे पी हळद अन् हो गोरी. निदान करणाऱ्याचं पूर्ण नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक आधी दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. पहिल्या बैठकीला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ ठेवला असेल, जवळच्या माणसाशी बोलण्याची काहीच सोय नसेल, 'एडीएचडी नाही' असं निघण्याची शक्यताच कुठे लिहिलेली नसेल, तर ती निदान करणारी जागा नाही. ती कागद विकणारी जागा आहे. चांगल्या ठिकाणी ते तुम्हाला सविस्तर रिपोर्ट देतात: कुठली लक्षणं, कशावरून, लहानपणाचा काय पुरावा, दुसरं काय काय तपासलं आणि पुढे काय. 'यांना एडीएचडी आहे' एवढ्या एका ओळीचं पत्र पुढे कुणीच मानत नाही.

माहिती कुठे जाते तेही वाचा. मोफत चाचणीसाठी फोन नंबर आणि मनाच्या तब्येतीची उत्तरं दिली की ती जाहिरातवाल्यांपर्यंत जाणार नाहीत, हे लिहून दिलेलं असावं.

माझे आईवडील नाहीत, शाळेचे कागदही नाहीत. मग लहानपण कसं सिद्ध करायचं?

भाऊ, बहीण, मावशी, शाळेतली जुनी मैत्रीण, कुणीही चालतं. तेही नसेल तर तुमच्याच आठवणी, पण ठोस. 'मी विसराळू होते' यापेक्षा 'तिसरीत एका वर्षात चार डबे हरवले आणि मग मला कागदात बांधून द्यायला लागले' हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. जुनी पत्रं, वह्यांच्या समासातले शेरे, अर्धवट सोडलेल्या छंदवर्गांच्या पावत्या, यातलं काहीही उपयोगी पडू शकतं. घरातल्यांबद्दलही सांगा. एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून हा वाटा ७० ते ८० टक्के धरतात. बऱ्याच घरांत मुलाचं निदान होता होता बापाला स्वतःचं लहानपण आठवतं.

'तुम्ही एवढं शिकलात, तुम्हाला असूच शकत नाही' असं डॉक्टर म्हणाले. आता?

तर दुसरे डॉक्टर बघा. शिक्षण झालं म्हणजे एडीएचडी नाही, असं कुठल्याच नियमावलीत नाही. पण त्यांनी सविस्तर बोलून, कारण सांगून 'नाही' म्हटलं असेल, तर ते ऐका. हवं ते उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर बदलत राहणं हा वेगळाच खड्डा आहे, आणि ऑनलाइन तो फार सोपा झाला आहे.

ऑनलाइन निदान इथले डॉक्टर मानत नाहीत. पुन्हा सगळं करावं लागेल का?

कधी कधी हो. नवीन डॉक्टर औषधाची जबाबदारी घेणार असतील तर त्यांना स्वतःची खात्री करून घ्यावीशी वाटणं रास्त आहे. जुना रिपोर्ट सविस्तर असेल तर काम निम्म्यावर येतं. परीक्षेत जास्त वेळ किंवा नोकरीत सवलत हवी असेल, तर ज्यांना तो कागद द्यायचा आहे त्यांना आधीच विचारा की कुणाची सही चालते.

भेटीआधी काय तयारी करू?

एक कागद घ्या आणि आठवडाभर जसं घडेल तसं लिहा. किल्ली सापडली नाही, गॅस चालू राहिला, बिल भरायचं राहिलं, बैठकीत नाव विसरलात. झोप किती तास झाली ते रोज लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, कॉफी किती, दारू किती, ते खरं लिहा. ज्या माणसाशी बोलणं होणार आहे त्याला वेळ आधी कळवा, आणि त्याच दिवशी सकाळी परत कळवा. व्हिडिओ असेल तर दार बंद करा, हेडफोन लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

हे सगळं जमलं नाही तरी जा. तयारी न जमणं हीसुद्धा डॉक्टरांसाठी माहिती असते.

तपासून 'एडीएचडी नाही' असं निघालं तर?

मग विचारा: मग हे काय आहे? चांगले डॉक्टर तुम्हाला रिकाम्या हाती परत पाठवत नाहीत. झोपेचा विकार असेल, चिंता असेल, थायरॉइड असेल, यातल्या बऱ्याच गोष्टींवर चांगले उपचार आहेत. माझ्या एका मैत्रिणीला रात्री घोरताना श्वास अडकण्याचा विकार निघाला. मशीन लावून झोपायला लागल्यावर दोन महिन्यांत तिने अर्धवट राहिलेलं पुस्तक वाचून संपवलं.

माझी अपॉइंटमेंटची वेळच चुकली. लाज वाटते, परत फोन करवत नाही.

करा. आजच करा. जिथे एडीएचडीचं काम चालतं तिथे वेळ चुकवणारे तुम्ही पहिले नसता. 'विसरले, पुन्हा वेळ द्या' एवढंच म्हणा, आणि आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवाल का, हेही विचारून ठेवा. माझी दुसरी बैठक मी चुकवली होती. डॉक्टरांनी स्वतः फोन केला आणि म्हणाल्या, आत्ता वीस मिनिटं आहेत का तुमच्याकडे?